नवा मुलूख, आधीची माणसं

(हडपसर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी कॅलिफोर्नियात आहे. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची पुतणी. म्हणून आजच्या विषयाला मी कॅलिफोर्नियापासूनच हात घालतो. त्या प्रदेशाचं नाव एका कादंबरीतून आलं आहे. १५१० च्या सुमारास गार्सी रोद्रीगेस दे मोंताल्व्हो या स्पॅनिश लेखकाची एक वीरकथा छापली गेली. तिच्यात कॅलिफोर्निया नावाचं बेट होतं. त्या बेटावर फक्त स्त्रिया राहतात, कलाफिया त्यांची राणी आहे आणि तिथे सोन्याखेरीज दुसरा धातूच नाही, असं लेखकानं रचलं होतं. पुढे काही वर्षांनी स्पॅनिश जहाजं मेक्सिकोच्या पश्चिमेच्या समुद्रात शिरली आणि समोर अनोळखी किनारा दिसला. जहाजावरच्या माणसांच्या डोक्यात ती गोष्ट होतीच, तेव्हा किनाऱ्याला कादंबरीतलं नाव मिळालं. नावाबरोबर बेटही आलं. सतराव्या शतकातले कितीतरी युरोपी नकाशे कॅलिफोर्निया हे बेट म्हणून दाखवतात. १७०० च्या सुमारास किनो नावाच्या जेजुइट पाद्र्यानं जमिनीवरून त्या भागात जाऊन हे बेट नव्हे असं सांगितलं, तरी नकाशे काढणारे ऐकेनात. शेवटी १७४७ साली स्पेनच्या राजाला तसा हुकूम काढावा लागला. आणि या सगळ्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी, जिथे आज आपली मुलं नोकरी करतात, तिथे ओहलोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आपण बेटावर राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

कोलंबसाचंही असंच. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाची त्याची स्वतःची प्रत, समासात त्यानं लिहिलेल्या टिपांसह, स्पेनमधल्या सेव्हिल शहरात आजही जपून ठेवलेली आहे. १४९२ साली तो कॅरिबियन बेटांवर उतरला आणि तिथे पुस्तकातली आशिया शोधत राहिला. क्युबाच्या किनाऱ्यावर त्याला चीनच्या सम्राटाचा मुलूख हवा होता.

माणूस नव्या प्रदेशात पाऊल टाकतो त्याच्या आधी पुस्तकानं तिथे मुक्काम केलेला असतो, हे यातून दिसतं. मला मात्र त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. नवा मुलूख नवा असतो तो येणाऱ्याला. तिथे कुणाची तरी चूल आधीपासून पेटलेली असते. त्या चुलीपाशी बसलेल्या माणसाचं म्हणणं पुस्तकात आलं की नाही, यावरून मी प्रवासवर्णनाची पारख करतो. ही कसोटी कडक आहे, आणि आपल्या आवडत्या पुस्तकांनाही ती लावली पाहिजे.

लांब कशाला, महाबळेश्वर घ्या. तिथे लॉडविक पॉइंटवर एक स्तंभ आहे. जनरल पीटर लॉडविक हा १८२४ साली या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय, त्यानं महाबळेश्वरचा शोध सरकारला कळवला आणि मुंबई इलाख्यावर मोठे उपकार केले, असा त्यावरच्या मजकुराचा आशय आहे. स्तंभ उभारणाऱ्यांनी ‘युरोपीयांपैकी पहिला’ असं म्हटलं एवढा प्रामाणिकपणा दाखवला, हे कबूल. पण शोध म्हणजे कशाचा? कृष्णेच्या उगमावरचं देऊळ तिथे होतंच. शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्रात. खाली प्रतापगड १६५६ पासून उभा होता आणि १६५९ साली त्याच्या पायथ्याशी काय घडलं हे साऱ्या हिंदुस्थानाला माहीत होतं. डोंगरावर कोळी होते, धनगर होते, लोखंड गाळणारे धावड होते. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८२९ साली, इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून हा डोंगर घेतला आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. मग नावं बदलू लागली. लोक ज्या जागेला नाके खिंड म्हणत, तिला माल्कमच्या मुलीचं नाव मिळालं आणि ती केट्स पॉइंट झाली. आज आपण सहलीला जातो तेव्हा घोडेवाल्याला केट्स पॉइंटलाच न्यायला सांगतो. कडा तोच आहे, पण तो आपण गव्हर्नरच्या घरातल्या नावानं पाहतो. दोनशे वर्षांपूर्वीचं लिखाण आपल्या डोळ्यांवर अजून किती बसलेलं आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

अजिंठ्यातही तेच झालं. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या घळीत आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर चित्राच्या अंगावरच आपलं नाव कोरून गेला. तेव्हापासून शालेय पुस्तकांत अजिंठ्याचा ‘शोध’ त्याच्या नावावर आहे. अजिंठ्याची चित्रं जगासमोर आली ती नंतर इंग्रजांनी लिहिलेल्या लेखांमुळे आणि काढलेल्या नकलांमुळे, हे ऋण नाकारण्याचं कारण नाही. पण स्मिथनं कोरलेलं नाव आणि लेण्यांचा अभ्यासक फर्ग्युसन यानं १८४३ साली वाचलेला निबंध या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. पहिल्यानं जागेवर आपली मालकी लिहिली, दुसऱ्यानं जागेकडे लक्ष वेधलं.

आपण स्वतःही कुणाच्या तरी प्रवासवर्णनातला मुलूख आहोत, हे मराठी माणूस सहसा विसरतो. सातव्या शतकात युआन च्वांग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात, असं त्यानं नोंदवलं. राजा पुलकेशी हर्षवर्धनाला वश झाला नाही, हेही लिहिलं. आपल्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात हा उतारा असतो. तो खरा असेलही. पण बघा, चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका पाहुण्यानं काढलेलं चित्र आपण इतकं आपलंसं केलं की आता त्या चित्राप्रमाणे वागण्याची हौस वाटते. लिखाण परक्याची समजूत घडवतं आणि हळूहळू ज्याच्याविषयी लिहिलं त्याचीही.

आता मराठी माणसानं लिहिलेल्या प्रवासांकडे येतो. मला ज्या तीन पुस्तकांविषयी मनापासून बोलायचं आहे त्यातलं पहिलं विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कळलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर हिंदुस्थानात निघाले. तेव्हा हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा मुलूख. निघताना घरच्यांची भीती काय होती? तो देश दूरचा, तिकडे भांग पितात, तिकडच्या बायका मायावी. वरसईच्या ओटीवर बसून उत्तरेचं हे चित्र तयार झालेलं होतं. छापील पुस्तक नसलं तरी सांगोवांगीचं प्रवासवर्णन प्रत्येक घरात असतंच.

आणि गोडसे भटजींनी प्रत्यक्ष काय पाहिलं? झाशीचा वेढा पाहिला. गाव पडल्यावरची कत्तल पाहिली. गोऱ्यांनी कोणत्या दिवशी काय लुटलं, आधी सोनं-रुपं, मग भांडी, मग कापड, मग धान्य, हे घरात लपलेल्या माणसाच्या नजरेनं लिहिलं. काल्पीच्या वाटेवर पळत आलेली झाशीची राणी पाहिली. झाशीच्या बाया, सैनिक, पळणारे सावकार ही सगळी माणसं त्या पुस्तकात आहेत आणि त्यांच्यात मायावी कुणी नाही. ओटीवरचं चित्र रस्त्यावर पुसलं गेलं. प्रवासवर्णनानं हेच करायचं असतं असं मला वाटतं. स्वतःच्या चालीरीतींबद्दलचा त्यांचा ताठा पुस्तकात पानोपानी आहे, तो मला खटकतो. पण डोळा खोटा बोलत नाही.

या पुस्तकाचं पुढे काय झालं तेही पाहा. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून गोडसे भटजींनी आठवणी लिहून काढल्या, पण इंग्रजी राज्याच्या भीतीनं आपल्या मरणानंतरच छापा असं सांगितलं. १९०७ साली वैद्यांनी पुस्तक छापलं, तेव्हा भाषा नीटनेटकी केली, काही गाळलं, काही बदललं. मूळ हस्तलिखिताप्रमाणे मजकूर वाचकांसमोर आला तो दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली संपादन केलं तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं महाराष्ट्रानं झाशी पाहिली ती वैद्यांच्या चाळणीतून. आणि महाराष्ट्राबाहेरही पाहिली, कारण अमृतलाल नागरांनी त्याचा हिंदी अनुवाद केला आणि तो हिंदी वाचकांपर्यंत गेला. राणीची जी मूर्ती आपल्या मनात आहे, तिच्यात वरसईच्या या भिक्षुकाचा वाटा मोठा आहे.

दुसरं पुस्तक पंडिता रमाबाईंचं. हडपसर स्टेशनावरून दौंडच्या गाडीत बसलं की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथलं मुक्तिमिशन रमाबाईंनी उभारलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या तिथेच वारल्या. आपल्यातले कितीतरी लोक केडगावला जाऊन आले असतील, पण रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक वाचलेले थोडे. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, १८८९, निर्णयसागर छापखाना. मराठीत परदेशाविषयी लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत मी याला फार वरचं स्थान देतो. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’च्याही वरचं, हे मी विचार करून बोलतो.

रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. हिंडल्या, व्याख्यानं दिली, बालवाडीचं शिक्षण घेतलं. त्या काळात इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाला अमेरिका माहीत होती ती बहुधा इंग्रजांच्या पुस्तकांतून, आणि इंग्रज अमेरिकेकडे जरा नाक मुरडूनच पाहत. रमाबाईंनी ती नजर उसनी घेतली नाही. इंग्रजांचं राज्य झुगारून देणारा देश त्यांनी राज्याखाली असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिला. १८८९ च्या पुण्या-मुंबईत याचा अर्थ काय होतो, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला हजर होत्या.

स्त्रियांची स्थिती हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. स्त्रियांनी चालवलेल्या संस्था, दारूबंदीसाठी उभी राहिलेली स्त्रियांची संघटना, मुलींची महाविद्यालयं, मतदानाच्या हक्काची चळवळ. हे सगळं त्यांनी मराठीत आणलं, कारण मराठी मुलगी हे वाचेल अशी त्यांना आशा होती. पण या कौतुकात त्यांनी डोळे मिटले नाहीत. मूळच्या रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हुसकलं गेलं, हे त्यांनी लिहिलं. काळ्या माणसांची गुलामी आणि ती कायद्यानं गेल्यावरही मागे उरलेला तिरस्कार, हेही लिहिलं. कोलंबसाच्या ‘नव्या जगा’त आधीची माणसं होती, हे मराठी वाचकाला १८८९ साली एका मराठी बाईनं सांगितलं. त्यानंतर शंभर वर्षं आपल्या शाळांत आपण ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ हेच घोकलं.

याच बाईंनी १८८७ साली अमेरिकेत एक इंग्रजी पुस्तक छापलं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी. त्या पुस्तकानं अमेरिकी वाचकांच्या मनात हिंदुस्थानाचं चित्र काढलं: बालविधवांचा, कोंडलेल्या बायकांचा देश. त्या चित्रामुळे बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं, पैसा उभा राहिला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं. त्या चित्रानं आपली बदनामी केली असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मी त्यांच्यातला नाही. जे लिहिलं ते खरं होतं, आणि लिहिणारी स्वतः उच्चवर्णीय घरातली विधवा होती. पण हे मान्य केलंच पाहिजे की अमेरिकेतल्या वाचकाला हिंदुस्थान दिसला तो एवढाच. मराठी पुस्तकात रमाबाईंनी अमेरिकेची बरी आणि वाईट अशी दोन्ही अंगं मांडली. इंग्रजी पुस्तकात त्यांना जखम दाखवायची होती, आणि वाचकांनी जखमेलाच देश मानलं. म्हणून कोणत्याही लेखकाला वाचताना मी आधी पाहतो की हे कुणासाठी लिहिलं आहे.

तिसरा माणूस अण्णाभाऊ साठे. त्यांची गोष्ट या दोघांपेक्षा वेगळी, कारण त्यांनी मुलूख आधी गायला आणि मग पाहिला. १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला. व्होल्गेच्या काठचं युद्ध त्यांनी मुंबईतल्या गिरणगावात, शाहिरी चालीत उभं केलं. ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला स्टालिनग्राड सिंहगडाइतकं जवळचं वाटलं असेल. तो पवाडा मला फार मोठी गोष्ट वाटते. परक्या भूमीची कल्पना घडवायला लेखक तिथे गेलाच पाहिजे असं नाही, आणि ती कल्पना नेहमी खोटीच असते असंही नाही. शहर वाचवायला लढणाऱ्या माणसाला अण्णाभाऊ ओळखत होते. वाटेगाव सोडून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेल्या माणसाला ती ओळख पुस्तकातून मिळवावी लागली नाही.

१९६१ साली ते रशियाला गेले आणि त्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचं नाव बदलून व्होल्गोग्राड झालं. पवाड्यातलं शहर नकाशावरून गेलं. त्या बदलामागे स्टालिनच्या राजवटीविषयी उघड होत गेलेलं सत्य होतं, छळछावण्यांचं, गायब झालेल्या माणसांचं. अण्णाभाऊंच्या पुस्तकात ते येत नाही. पाहुण्याला दाखवलेला देश त्यात आहे, आणि अण्णाभाऊ भरल्या मनानं तो पाहतात. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या १९४० च्या पुस्तकापासून आपल्याकडे रशियाची ही ओढ होती. मी अण्णाभाऊंना यासाठी दोष देत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीतून गेलेल्या माणसाची नजर आधी कामगाराच्या घराकडे आणि फुटपाथकडे जाणार, आणि जे दिसेल त्यानं त्याचं मन भरून येणार. पण माझी कसोटी मी सोडत नाही. तिथल्या गप्प बसवलेल्या माणसाचं म्हणणं या पुस्तकात नाही, आणि ती उणीव मला सलते.

‘अपूर्वाई’विषयी थोडक्यात बोलतो, कारण ते सर्वांनी वाचलेलं आहे. १९६० साली आलेल्या त्या पुस्तकानं आणि १९६३ च्या ‘पूर्वरंग’नं मराठी मध्यमवर्गाला परदेश घरचा करून दिला. परक्या देशाची भीती गेली, हे त्यांचं मोठं देणं. त्याची किंमत अशी पडली की पुढच्या दोन पिढ्या लंडन-पॅरिसला जाऊन पु. लं.नी पाहिलेलंच पाहून आल्या. नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर आज इतकी मराठी पावलं दिसतात, त्यातही गो. नी. दांडेकर आणि जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकांचा हात आहे. पुस्तक माणसाला घराबाहेर काढतं, आणि बाहेर पडल्यावर काय पाहायचं तेही ठरवून देतं.

आता जे बोलायचं आहे ते जरा जड आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सगळ्यात अनोळखी मुलूख कोणता? अमेरिका नव्हे. आपल्याच राज्यातले आदिवासी तालुके. भामरागड. तलासरी. धडगाव. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचून आपल्याला वारल्यांची वेठबिगारी कळली. १९७३ साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि त्यावरच्या पुस्तकांनी माडिया माणूस आपल्या घरात आणला. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तिथे आयुष्य घातलं आहे, त्यांना मी पर्यटकांच्या रांगेत बसवणार नाही. तरीही आपण वाचकांनी त्यातून काय उचललं? अंधारं जंगल आणि त्यात दिवा घेऊन गेलेली आपली माणसं. त्या जंगलातल्या माणसाला कोणतं झाड कशाचं, पाऊस कधी, गावच्या सामाईक घरात, गोटुलात, काय ठरतं हे किती बारकाईनं माहीत आहे, ते आपण पानं उलटताना सोडून दिलं. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आहे. आमचं दुःख आम्हालाच मंचावरून दुसरे सांगत राहिले, असा तिचा सल आहे. प्रवासवर्णनावरची इतकी खरी टीका मी समीक्षेच्या ग्रंथात वाचलेली नाही. वाहरू सोनवणेंच्या ‘गोधड’ या संग्रहाशेजारी ठेवूनच ही सगळी पुस्तकं वाचावीत, असं माझं मत आहे.

हे सगळं हडपसरात उभं राहून सांगण्याला कारण आहे. हडपसर इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते रणांगण म्हणून. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी इथल्या माळावर यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. माळावरची ती शेतं कुणाची होती, उभं पीक कुणाचं तुडवलं गेलं, ते कुणी लिहिलेलं नाही. दरवर्षी दोन्ही पालख्या इथे येतात आणि इथून त्यांच्या वाटा फुटतात, ज्ञानोबांची दिवे घाटातून सासवडला, तुकोबांची लोणी काळभोरकडे. इरावती कर्वे या वाटेनं चालल्या आणि एकाच देवाकडे जाणाऱ्या दिंड्या जातीजातींनी वेगळ्या जेवतात, हे त्यांनी दुखऱ्या मनानं लिहिलं. दि. बा. मोकाशी चालले आणि ‘पालखी’ लिहिलं. वारी म्हटलं की शिकलेल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर येतं त्यात या दोघांचं लिखाण मिसळलेलं आहे. पण हडपसरात वारकऱ्यांना पाणी देणाऱ्या, भाकरी करणाऱ्या बाईनं पाहिलेली वारी? ती कुठल्याही पुस्तकात नाही.

आणि शेजारची फुरसुंगी. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांसाठी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, मुलांना चंद्रावर नेलं, समुद्राच्या तळाशी नेलं, आणि मग स्वतःचा नायक घडवला तो फुरसुंगीचा. बनेश फेणे, फास्टर फेणे. माझ्या पिढीतल्या विदर्भ-कोकणातल्या मुलांनी पुण्याचा नकाशा पाहिला नव्हता, पण फुरसुंगी त्यांना माहीत होती. चपळ, धाडसी, सरळ मनाच्या मुलाचं गाव. नंतरच्या पिढीला फुरसुंगी माहीत झाली ती वर्तमानपत्रांतून, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचरा डेपोमुळे. पुण्याचा कचरा, विहिरींचं बिघडलेलं पाणी, ग्रामस्थांची आंदोलनं. एकाच गावाची ही दोन चित्रं आहेत आणि दोन्ही बाहेरच्यांनी काढलेली आहेत. फुरसुंगीच्या माणसानं लिहिलेलं फुरसुंगीचं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. बातमीत त्याचं एखादं वाक्य येतं, तेही रस्ता अडवला तरच.

आज हडपसर पुन्हा नवा मुलूख झाला आहे. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथे बागायत होती, पुण्याच्या मंडईत इथला भाजीपाला जायचा. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा उभा केला, याची नोंद व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी घेतली. ती अभिमानाची गोष्ट आहे. पण आता या भागाविषयी सर्वांत जास्त मजकूर लिहिला जातो तो घरं विकण्याच्या जाहिरातींत, आणि त्यात हा भाग जणू परवापर्यंत ओसाड होता आणि आता ‘विकसित’ होतो आहे. लातूरहून, सोलापूरहून, बिहारहून आलेल्या तरुणाला हडपसर कळतं ते या मजकुरातून. त्याला कुणी सांगितलेलं नाही की त्याच्या इमारतीखाली कुणाचा मळा होता, विहीर कुठे होती, जमीन देताना घरात काय बोलणी झाली, पैसे आल्यावर भावाभावांत काय झालं. आणि त्यानंही आपलं म्हणणं कुठे लिहिलेलं नाही: पहिल्या महिन्यात गाडीतळावर उतरल्यावर काय वाटलं, खोली कशी मिळाली, कुणी जेवायला घातलं. हडपसरचं वर्णन त्या दोघांच्या लिखाणाशिवाय अर्धवट राहणार.

तेव्हा माझी तुम्हाला विनंती आहे. हडपसर, फुरसुंगी, मांजरी, मुंढवा इथल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे बसा आणि त्यांचं ऐकून लिहून घ्या. मळ्यांची नावं, पाटाच्या पाळ्या, विहिरी, वारीतला मुक्काम, जमिनीचे व्यवहार, कचऱ्याविरुद्धचे लढे. भाषा सुधारू नका, जसं बोलतात तसं लिहा. वैद्यांनी गोडसे भटजींचं जे केलं ते करू नका. बायकांकडे वेगळं बसा, कारण पुरुषांसमोर त्या बोलणार नाहीत. नव्यानं राहायला आलेल्यांनाही लिहायला सांगा. इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी हे काम मुलांकडून करून घ्यावं, आणि या व्याख्यानमालेनं दरवर्षी त्यातली एक वही पुस्तक म्हणून छापावी. पहिल्या पुस्तकाचा छपाईखर्च उचलायला मी तयार आहे. कार्यकर्त्यांनी आज सभा संपल्यावर माझ्याशी बोलावं.